डग्लस काउंटीमधील राष्ट्राध्यक्षीय मतदान (कॅन्सस)

डग्लस काउंटी ही अमेरिकेच्या कॅन्सस राज्याच्या ईशान्य भागातील काउंटी असून लॉरेन्स हे तिचे प्रशासकीय केंद्र आहे. २०२०च्या जनगणनेनुसार काउंटीची लोकसंख्या १,१८,७८५ होती. त्यांपैकी ९४,९३४ लोक लॉरेन्समध्ये राहत होते. कॅन्सस विद्यापीठ (स्थापना १८६५) याच शहरात आहे. १९६८पासून प्रत्येक राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराला कौल देणाऱ्या या राज्यात डग्लस काउंटी डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला मानली जाते.

पार्श्वभूमी

१८५४च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने गुलामगिरीला परवानगी द्यावी की नाही, हा निर्णय तेथील रहिवाशांवर सोपवला. कायद्याचे पुरस्कर्ते, डेमोक्रॅटिक सिनेटर स्टीफन डग्लस यांचेच नाव काउंटीला मिळाले. लॉरेन्स मात्र त्याच वर्षी न्यू इंग्लंडमधून आलेल्या गुलामगिरीविरोधी लोकांनी वसवले. २१ ऑगस्ट १८६३ रोजी विल्यम क्वांट्रिलच्या टोळीने शहर जाळून सुमारे १५० पुरुष व मुलांची हत्या केली. गुलामगिरीला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष येथे रुजला आणि विसाव्या शतकातही दीर्घकाळ त्याचा प्रभाव टिकला.

स्थित्यंतर

१९७१मधील सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे किमान वय १८ वर्षे झाले. टेक्सासमधील एका खटल्यात १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांचा महाविद्यालयाच्या ठिकाणी मतदार म्हणून नोंदणी करण्याचा हक्क कायम राखला. तथापि, केवळ विद्यार्थ्यांच्या मतांनी या बदलाचा उलगडा होत नाही. विद्यापीठाचे अध्यापक, कर्मचारी आणि शहरात स्थायिक झालेले पदवीधर हेही येथील मतदारांचा मोठा भाग आहेत. पदवीधर मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळण्याचा कल देशभर दिसतो. कॅन्सस राज्य विद्यापीठ असलेल्या रायली काउंटीने २०२०मध्ये इतिहासात प्रथमच डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षीय उमेदवाराला बहुमत दिले.

अलीकडील निकाल

२००४मध्ये जॉन केरी यांना डग्लस काउंटीत सुमारे ५७ टक्के मते मिळाली, तर राज्यात जॉर्ज बुश यांना सुमारे ६२ टक्के मते होती. त्या वर्षी राज्यातील १०५ काउंट्यांपैकी केवळ डग्लस आणि वायनडॉट या दोन काउंट्या केरी यांच्या बाजूने होत्या. २०२०मध्ये जो बायडेन यांनी डग्लस काउंटीत सुमारे ६८ टक्के मते मिळवली. राज्यात मात्र डोनाल्ड ट्रम्प सुमारे ५६ टक्के मतांनी विजयी झाले.

परिणाम व मर्यादा

कॅन्ससची सर्व ६ निर्वाचक मते राज्यातील विजेत्यालाच मिळतात. त्यामुळे काउंटीतील मताधिक्याने राज्याचा निकाल बदललेला नाही. २०२२च्या मतदारसंघ पुनर्रचनेत लॉरेन्सचा समावेश पश्चिमेला कोलोरॅडोच्या सीमेपर्यंत पसरलेल्या ग्रामीण, रिपब्लिकनबहुल पहिल्या काँग्रेस मतदारसंघात करण्यात आला. राज्यपाल लॉरा केली यांचा नकाराधिकार विधिमंडळाने रद्दबातल ठरवला, तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा आराखडा कायम ठेवला.