तारण काय?

बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला शर्यतीच्या रस्त्यावर मोटार चालवायला सांगणं म्हणजे एकादशीला खानावळीत नेऊन बसवण्यासारखं आहे. माझ्या कादंबऱ्यांतली माणसं मी बिनदिक्कत कड्यावरून लोटून दिली, पण कर्जाच्या अर्जावर सही करताना पेन दोनदा थांबायचं. तरीही मार्चअखेरच्या एका रविवारी मी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या फाटकापाशी, लेकीच्या मोटारीत तिच्या शेजारी बसलो होतो.

आमच्यात महिनाभर नीट बोलणं नव्हतं. मोठ्या कंपनीतली पक्की नोकरी सोडून, कर्ज काढून तिनं दोन सहकाऱ्यांबरोबर छोटा व्यवसाय सुरू केला होता. मला कळवलं ते सगळं उरकल्यावर. मी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "तारण काय दिलंस?" ती म्हणाली, "बाबा, आधी कशी आहेस असं विचारायचं असतं." आणि फोन ठेवला. तिकिटं आधीच काढलेली होती, म्हणून आम्ही नवरा-बायको गेलो एवढंच.

हा रस्ता आयफेलच्या डोंगराळ मुलखात १९२५ साली बांधायला घेतला. बेकारांच्या हातांना काम मिळावं, हा त्यामागचा एक हेतू. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात पाझर तलाव झाले, तिथे शर्यतीचा रस्ता झाला! १९२७ साली तो खुला झाला. त्यातला जंगलातून जाणारा उत्तरेकडचा फेरा तब्बल २०.८ किलोमीटरचा आहे. सत्तरहून अधिक वळणं आणि सुमारे ३०० मीटरची चढ-उतार. शर्यती नसतील तेव्हा ठरावीक दिवशी तिकीट काढून कुणीही आपली मोटार त्यावर नेऊ शकतो. मात्र त्या वेळी तो कायद्यानं साधा एकदिशा टोलरस्ता असतो. पुढे जायचं ते डावीकडूनच, घड्याळ लावायला मनाई, आणि कठडा मोडला तर भरपाई आपल्या खिशातून. लेकीनं विमा कंपनीचं पत्र पुढे केलं. मी ते दोनदा वाचलं.

हिवाळाभर बंद असलेला रस्ता नुकताच उघडला होता. झाडांना पान नव्हतं, सावलीत मळकट बर्फाचे ढीग होते आणि वळणावळणांवर ओल होती. पहिला फेरा तिनं चालवला. मागून भन्नाट वेगानं येणाऱ्या मोटारींना ती उजवा दिवा दाखवून शांतपणे वाट देत होती. माझं लक्ष तिच्या पायाकडे होतं. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळणात शिरल्यावर नाही. पुण्यात मारुती ८००वर मीच तिला हे शिकवलं होतं. मी विसरलो होतो, ती नाही.

"इथेच निकी लाउडाचा अपघात झाला," बेर्गवेर्क नावाच्या वळणाआधी ती म्हणाली. ते नाव मला ठाऊक होतं, पण त्यामागची हकिगत तिच्याकडून कळली. श्रीमंत घरच्यांचा विरोध असताना या ऑस्ट्रियन पोरानं १९७१ साली बँकेचं कर्ज काढून 'मार्च' नावाच्या संघात जागा मिळवली. तारण? स्वतःच्या आयुर्विम्याची पॉलिसी! माझ्या टेबलावर हे प्रकरण आलं असतं तर मी तांबड्या शाईत काय लिहिलं असतं, हे वाचकांना सांगायला नको. १९७५ साली तो जगज्जेता झाला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १९७६च्या शर्यतीपूर्वी 'हा रस्ता धोक्याचा आहे, इथे शर्यत नको' असं त्यानंच सांगितलं होतं. मतदान झालं, तो हरला, आणि १ ऑगस्टला पेटत्या गाडीतून सहस्पर्धकांनी त्याला बाहेर काढलं. बेचाळीस दिवसांनी तो इटलीत पुन्हा शर्यतीत उतरला आणि चौथा आला. त्याच वर्षी जपानमध्ये धो धो पावसात मात्र त्यानं गाडी स्वतःहून बाजूला घेतली. विजेतेपद एका गुणानं गेलं. धोका पत्करणारा आणि 'पुरे' म्हणणारा माणूस एकच होता. मी आयुष्यभर हे दोघे वेगळे समजत आलो.

दुसरा फेरा मी चालवला. इंटरनॅशनल परमिट खिशात, गिअर उजव्या हाताला, बायको फाटकापाशी थर्मास घेऊन बसलेली. कारुसेलच्या काँक्रीटच्या वाडग्यात मोटार शिरली तेव्हा दात वाजले. "बाबा, ब्रेक आधी," लेक म्हणाली. सगळं जग आम्हाला मागे टाकून गेलं. फेरा पुरा केला तेव्हा सदऱ्याची पाठ भिजली होती.

बाहेर येऊन चहा ओतला आणि मी विचारलं, "कशी आहेस?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भीती वाटते, बाबा. रोज वाटते." मग तिनं आपणहून सांगितलं, हप्ता किती, शिल्लक किती महिन्यांची, आणि कुठल्या आकड्याला दुकान बंद करायचं ते तिघांनी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंय. इतका स्पष्ट अर्ज माझ्या टेबलावर क्वचितच आला होता.

तारणाचं विचारायचं राहूनच गेलं.