झोपलेल्या संगणकाला वेळ कोण सांगते?

पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडली, की तिच्यात हळूहळू पाणी शिरे आणि २४ मिनिटांनी ती बुडे. एक घटका भरली! मग वाटी रिकामी करून पुन्हा सोडायची आणि मोजणीत एकाची भर घालायची. म्हणजे नुसती वाटी हे घड्याळ नव्हे. वाटी आणि तिच्याजवळ जागा बसलेला माणूस मिळून घड्याळ होई. त्या माणसाचा डोळा लागला, तर वाटी तळाशी पडून राही आणि किती घटका गेल्या हे कोणालाच सांगता येत नसे.

संगणकाचेही असेच आहे. तो चालू असताना वेळ सांभाळण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे सर्व कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, करते. क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर एक मोजणी सतत पुढे सरकत असते. ऑपरेटिंग सिस्टिम ती वरचेवर वाचते आणि घड्याळ पुढे नेते.

आता आपण लॅपटॉपचे झाकण मिटले, असे समजू. संगणक झोपी जातो. अनेक संगणकांत या वेळी प्रोसेसर थांबतो आणि स्मृतीतील मजकूर टिकेल एवढाच वीजपुरवठा चालू राहतो. ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसरवरच चालत असल्याने तीही थांबते. तरीही सकाळी झाकण उघडताच पडद्यावर बरोबर वेळ दिसते. ती आली कोठून?

संगणकात दुसरेही एक लहानसे घड्याळ असते आणि ते झोपत नाही. त्यातील स्फटिक, मनगटी घड्याळातल्याप्रमाणेच, सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. हा आकडा विचित्र वाटतो ना? त्याला दोनने भागत चला. पंधराव्या भागाकाराला उत्तर १ येते. दोनने भागणे इलेक्ट्रॉनिक मंडलाला अगदी सोपे असते. तेव्हा पंधरा टप्प्यांनंतर सेकंदाला नेमका एक ठोका मिळतो. डेस्कटॉप संगणकात हे घड्याळ नाण्याएवढ्या लिथियम सेलवर चालते. आयबीएमच्या १९८१ मधील पीसीमध्ये ही सोय नव्हती. तो सुरू करताना तारीख आणि वेळ हाताने द्यावी लागे. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मात्र ते घड्याळ आले.

झोपण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टिम या घड्याळातील वेळ टिपून ठेवते आणि जाग आल्यावर पुन्हा वाचते. दोहोंतील फरक म्हणजे झोपेचा काळ. तेवढी भर आपल्या वेळेत घातली, की काम झाले. वजाबाकी आणि बेरीज, एवढेच गणित!

पण यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की हे घड्याळ साधारणपणे पूर्ण सेकंदच सांगते. त्याने ‘२० सेकंद’ सांगितले तेव्हा प्रत्यक्षात २०.१ झाले असतील किंवा २०.९. दिवसातून दहा वेळा झाकण मिटले, तर अशा लहान चुका साचत जातील. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर एक युक्ती करते. दोन्ही घड्याळांमध्ये मागच्या वेळी किती अंतर होते, हे ती लक्षात ठेवते. नवे अंतर त्याच्या जवळपास असेल तर जुनेच खरे मानते.

दुसरी अडचण स्फटिकाची. त्यात दहा लाखांत २० एवढी चूक असली, तरी दिवसाला सुमारे १.७ सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे महिन्याला जवळजवळ ५२ सेकंद. शिवाय असा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जलद चालतो. त्याहून गारवा किंवा उष्मा वाढला, की मंदावतो. म्हणून जागा झालेला संगणक इंटरनेटवरील वेळेशी आपले घड्याळ ताडून पाहतो. आपण थोडे पुढे आहोत असे आढळले, तर घड्याळ सहसा मागे ओढले जात नाही, त्याची गती किंचित कमी केली जाते. मागे ओढले, तर नंतर लिहिलेल्या फाइलवर आधीची वेळ पडू शकेल.

एवढ्यावर प्रश्न संपत नाही. ‘आत्ता किती वाजले?’ आणि ‘तेव्हापासून किती वेळ गेला?’ हे दोन प्रश्न आपल्याला सारखेच वाटतात. संगणकाला मात्र दुसऱ्या प्रश्नात झोपेचा काळ धरायचा की नाही, हे ठरवावे लागते. ‘पाच तासांनी आठवण कर’ असे सांगितले असेल, तर तो धरायलाच हवा. पण ‘एखाद्या सेवेची हजेरी मिनिटभरात आली नाही, तर ती बिघडली असे समजून बंद कर’ असा नियम असेल तर? आठ तासांची झोप धरली, तर चांगली सेवाही गैरहजर ठरेल. म्हणून लिनक्समध्ये दोन मोजण्या आहेत. एकीत झोप वगळलेली असते, तर २०११ मध्ये आलेल्या दुसरीत ती धरलेली असते. २०१८ मध्ये दोन्ही एक करून पाहण्यात आल्या, तेव्हा नेमके हेच घडले. चाचणी आवृत्तीत संगणक जागा होताच चांगल्या चाललेल्या सेवा बंद पाडल्या जाऊ लागल्या आणि तो बदल मागे घ्यावा लागला.

शाळेतील डेस्कटॉप संगणकावर एक प्रयोग करता येईल. स्वयंचलित वेळजुळणी बंद करा, इंटरनेट काढा आणि मोबाईलशी वेळ सेकंदापर्यंत जुळवून संगणक सात दिवस बंद ठेवा. मग पुन्हा ताडून पहा. पडलेल्या फरकाला ६,०४,८०० सेकंदांनी भागून दहा लाखांनी गुणा. सात सेकंदांचा फरक असेल, तर उत्तर सुमारे ११.६ येईल, म्हणजे स्फटिकाची चूक दहा लाखांत ११.६. हाच प्रयोग मे महिन्यात आणि पुन्हा डिसेंबरमध्ये केला, तर ऋतूचा परिणाम दिसतो का, हे विद्यार्थ्यांना स्वतःच तपासता येईल.