देवाची आई म्हणजे देवी का?

आषाढाच्या तोंडावर कासारसाईच्या रस्त्याला कुणी ‘माउली, जरा सरका’ म्हटलं, तर त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. देहू-आळंदीच्या शेजारचे आपण. ज्ञानेश्वर पुरुष असूनही माउली कसे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. ही पदवी कोणत्या सभेनं ठराव करून दिली नाही. भक्तांच्या तोंडी ती आपसूक रुळली.

तेच आपण वांद्र्याच्या मोतमाउलीला गेलो की मात्र घोटाळा होतो. ८ सप्टेंबर हा येशूची आई मरिया हिचा जन्मदिवस मानला जातो. त्यानंतरच्या जत्रेत हिंदू भाविकही मेणबत्त्या घेऊन टेकडी चढतात. तिथं मरियेला ‘देवमाता’ म्हणतात हे कळलं, की आपल्याला देवांची आई अदिती आठवते आणि आपण मरियेला तिच्या पंगतीत बसवतो: ख्रिस्ती लोकांची देवी, देवाच्याही आधीची. सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज हाच आणि तो बऱ्याच अंशी भाषांतरातून आला आहे.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘थिओटोकॉस’. ‘थिओस’ म्हणजे देव आणि ‘टोकॉस’चा संबंध प्रसूतीशी. देवाला जिनं जन्म दिला ती, इतकाच त्याचा अर्थ. देवत्व मरियेपासून सुरू झालं असं त्यात कुठंही नाही. देवकीच्या पोटी कृष्ण जन्मला म्हणून विष्णू देवकीनंतरचा, असं आपण म्हणतो का? अवतार आणि ख्रिस्ती देहधारणा या कल्पना एक नाहीत, हे खरं. पण एवढ्यापुरता देवकीचा दाखला मला चपखल वाटतो. या पदवीचा रोख आईपेक्षा मुलावर अधिक आहे. गव्हाणीत निजलेलं ते बाळ खरोखर देव आहे का, हा तिच्यामागचा प्रश्न.

दुसरा समज असा, की इ.स. ४३१ मध्ये इफिससच्या धर्मपरिषदेनं ही पदवी शोधून काढली. आणि इफिसस हे आर्टेमिस देवीचं जुनं ठाणं, म्हणून त्या देवीचीच जागा मरियेला दिली. ऐकायला हे पटतं, पण तारखा जुळत नाहीत. अलेक्झांड्रियाचे बिशप अलेक्झांडर यांनी ३२४च्या सुमाराच्या पत्रात हा शब्द वापरला आहे, म्हणजे परिषदेच्या शंभर वर्षं आधी, तोही इजिप्तमध्ये बसून. शब्द समजावून सांगण्याची त्यांना गरजही वाटत नाही. म्हणजे तो तोवर ओळखीचा होता. लोकांच्या मरियाभक्तीवर पुढं जुन्या देवीपूजेची सावली पडली का, हा वेगळा प्रश्न आहे. पण शब्द तिथून आला नाही.

मग परिषदेत भांडण कशाचं होतं? इथं नेस्टोरियसबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण त्याच्यावर फार अन्याय झाला असं मला वाटतं. ४२८ मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. मरियेचा अपमान करणारा, ख्रिस्ताचं देवत्व नाकारणारा अशी त्याची ओळख करून दिली जाते. त्याची भीती मात्र नेमकी आपल्या गैरसमजाची होती: हा शब्द ऐकून लोक मरियेला देवी करतील आणि अनादी देवाची सुरुवात गर्भातून झाली असं समजतील. म्हणून ‘ख्रिस्टोटोकॉस’, ख्रिस्ताची जननी, म्हणावं असं त्यानं सुचवलं. अलेक्झांड्रियाचा तेव्हाचा बिशप सिरिल याला त्यात दुसरा धोका दिसला. आई फक्त माणसाची म्हटली, तर देव एक आणि माणूस वेगळा, असे दोन येशू होतील. जन्मला तो एकच, म्हणून आईही त्या एकाचीच.

२२ जून ४३१ रोजी परिषद सुरू झाली. अंत्युखियाचा बिशप योहान आणि त्याचे साथी पोहोचायच्या आतच सिरिलच्या बाजूनं नेस्टोरियसला पदच्युत केलं. मागून आलेल्यांनी आपली वेगळी सभा भरवून उलट सिरिललाच काढून टाकलं. ४३३ मध्ये सिरिल आणि योहान यांचा समेट झाला, पदवी मान्य झाली. ४५१ च्या खाल्केदोनच्या परिषदेनं ती पुन्हा वापरली, पण ख्रिस्ताच्या मनुष्यत्वाच्या अंगानं, हे स्पष्ट करून. नेस्टोरियसचं आयुष्य इजिप्तमध्ये हद्दपारीत सरलं.

‘ही पदवी फक्त कॅथलिकांची’ हेही ऐकू येतं. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती रोजच्या उपासनेत आहे आणि मार्टिन लूथरनंही ती मान्य केली होती. बायबलमध्ये तो शब्द जसाच्या तसा नाही. लूकच्या शुभवर्तमानात अलीशिबा मरियेला आपल्या प्रभूची माता म्हणून ओळखते, तिथवरच तो मजकूर जातो. मरियेचा निष्कलंक गर्भसंभव (१८५४) आणि स्वर्गोन्नयन (१९५०) ही कॅथलिक चर्चची पुढची शिकवण. तिची या पदवीशी सरमिसळ करू नये.

नेस्टोरियसला मानणारं पूर्वेकडचं चर्च आजही आहे आणि त्याची एक शाखा केरळात त्रिशूरला आहे. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि त्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. एका परंपरेत मरिया देवाची माता, दुसरीत ख्रिस्त आपला देव त्याची माता. दोन्ही नावं एकाच श्रद्धेची आहेत, असं दोघांनी मान्य केलं. इफिससनंतर १,५६३ वर्षांनी.