दहा हजार कोटी धागे

2015 साली हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर एक शोधनिबंध छापला गेला. पानं 33. लेखक किती? 5,154! त्यातली 24 पानं लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या नावांनीच भरली. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) शास्त्रज्ञही त्या यादीत आहेत. ही सगळी मंडळी एकदम स्टेशनवर आली, तर गर्दीच्या वेळची अख्खी लोकल भरेल!

आता प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा फोनवर बोलायचं म्हटलं तर? जोड्या होतात 1 कोटी 32 लाख 79 हजार 281. फोनला एकच मिनिट धरा, एक संपला की दुसरा लावा, रात्रंदिवस. लागतील 25 वर्षं! पाळण्यातलं पोर लग्नाला येईल, तरी फोन चालूच.

म्हणून असे मोठे गट एका सामायिक वहीत लिहितात. ती वही सांभाळते कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम ही संगणकप्रणाली. आणि लिहिलेलं संगणकालाही उमगावं, म्हणून माहितीची तीन तुकड्यांची विधानं करतात: हिमोग्लोबिन – वाहून नेतं – ऑक्सिजन. अशा विधानांचं जाळं म्हणजेच सिमँटिक वेब. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नागार्जुन जी. यांच्या गटाने याच विचारावर ‘ग्नोसिस’ ही मुक्त प्रणाली उभी केली.

अशी विधानं जगात किती साठली असतील? प्रथिनांची माहिती ठेवणारा एकटा ‘युनिप्रॉट’ घ्या. ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संस्था तो मिळून चालवतात. त्यात अशी विधानं आहेत 10,000 कोटींच्या वर!

आपण 10,000 कोटीच धरू. सेकंदाला एक विधान वाचा. न झोपता, न जेवता. लागतील 3,170 वर्षं. बुद्धाच्या जन्माच्याही कित्येक शतकं आधी सुरुवात केली असती, तर आत्ता कुठे संपलं असतं!

छापायचं म्हणता? कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून 100 विधानं बसवू. कागद लागतील 100 कोटी. अडीचशे रुपयांना 500 कागदांचं रीम धरलं, तर नुसत्या कागदाचे 50 कोटी रुपये! वजन 5,000 टन. दहा टनी ट्रक 500 लागतील, आणि भिवंडीच्या गोदामांसमोर पाच किलोमीटरची रांग लागेल. कागद एकावर एक रचले, तर थप्पी 100 किलोमीटर उंच! मुंबई-पुणे रस्त्याचा दोन-तृतीयांश भाग उभा केला, असं समजा. तिचं टोक थेट अंतराळाच्या सीमेला टेकेल!

आता त्याच भिवंडीच्या यंत्रमागांकडे या. एक विधान म्हणजे एक आडवा धागा. इंचाला 60 धागे धरले, तर कापड निघेल 42,300 किलोमीटर. पृथ्वीचा घेर 40,075. अख्ख्या पृथ्वीला वेढा घालून वर दोन हजार किलोमीटर कापड शिल्लक!

एकाच यंत्रमागावर, सेकंदाला धोट्याच्या दोन फेऱ्या धरल्या, तर हे कापड विणायला 1,580 हून अधिक वर्षं लागतील. पण भिवंडीत माग मोजतात लाखांनी. त्यातले फक्त एक लाख माग एकदम सुरू करा. किती दिवस? सहासुद्धा नाहीत!

दीड हजार वर्षांचं काम आठवड्याच्या आत! विज्ञानाला सामायिक वही हवी, ती याचसाठी. काम वाटून घेतलं, की दहा हजार कोटीसुद्धा आवाक्यात येतात!