कंबरदुखीवर कोणता व्यायाम? झेपेल तो, आणि रोज होईल तो!

बेळगाव : कंबर धरली की सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणतो भुजंगासन कर, दुसरा म्हणतो वाकूच नको, पडून राहा. चार दिवस हे, चार दिवस ते, आणि महिन्याभरात सगळंच बंद. पेठेत दिवसभर गल्ल्यावर बसणारे असोत की खानापूरहून रोज दुचाकीने ये-जा करणारे, रड हीच.

12 आठवड्यांहून जास्त टिकते ती जुनाट कंबरदुखी. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाची शिफारस आहे. कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र सरसकट नको, असं म्हटलं आहे. पडून राहिलं की पाठीचे-पोटाचे स्नायू कमजोर होतात, मग थोड्या कामानेही कंबर भरून येते.

योगासनं, पोहणं, स्नायूंचे व्यायाम या सगळ्यांचा उपयोग होतो. त्यामुळे 'सर्वात भारी' प्रकार शोधण्यापेक्षा जो नेमाने होईल तो निवडा. साधं चालणंही कमी नाही. ऑस्ट्रेलियात 701 जणांवर झालेला अभ्यास 2024 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. हे सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले होते. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने चालणाऱ्या गटात दुखणं परतायला साधारण 208 दिवस लागले, दुसऱ्या गटात 112.

सुरुवात अशी करा :

- रोज 10 मिनिटं चाला. दर आठवड्याला थोडं वाढवत 30 मिनिटांपर्यंत न्या.
- पाठीवर झोपून गुडघे दुमडा, कंबर हळू उचला. 8-10 वेळा.
- हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ करा, मग उलट.
- बैठं काम असेल तर अर्ध्या तासाने उठा.

व्यायामानंतर थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत उतरलं, तर चालू ठेवा. वाढलेलंच राहिलं तर प्रमाण निम्मं करा, पण एकदम सोडू नका. फरक पडायला सहा-आठ आठवडे द्या.

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणं, यापैकी काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा. ताप, विनाकारण वजन घटणं, पडल्यानंतरचं दुखणं किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.