माप चाकाचे आणि चालवणाऱ्याचे

गेल्या आषाढातील गोष्ट. डोंबिवलीस राहणारे आमचे थोरले बंधू कापडाचे व्यापारी. चौदा वर्षांच्या चिरंजीवास क्लासला जाण्यासाठी त्यांनी हौसेने नवी सायकल घेऊन दिली. रुंद, उंच गोट्यांच्या नक्षीचे टायर पाहूनच मुलगा हरखला होता. ‘हा टायर कुठेही घसरणार नाही’ अशी खात्रीही विक्रेत्याने दिली. पंधराव्या दिवशी रिमझिम पावसात, पेव्हर ब्लॉकच्या एका वळणावर तीच सायकल घसरली. मागून येणारी रिक्षा वेळीच थांबली, म्हणून मनगटाच्या प्लॅस्टरवर निभावले.

सायकल दुरुस्तीला नेली तेव्हा वृद्ध कारागिराने टायर अंगठ्याने दाबून पाहिला. तो दगडासारखा टणक होता. तो म्हणाला, ‘‘शेठ, गिऱ्हाइकाचे माप घेतल्याखेरीज तुम्ही कापड फाडत नाही. इथे मात्र मुलाचे वजनसुद्धा लक्षात घेतले नाही!’’ बंधू निरुत्तर झाले. या एका वाक्यात टायर निवडण्याचे सारे शास्त्र सामावलेले आहे. ते आपण व्यापारी कुटुंबांनी समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडा हिशेब. सत्तर किलोचा माणूस आणि पंधरा किलोची सायकल मिळून पंच्याऐंशी किलो. त्यातील सुमारे साठ टक्के, म्हणजे ५१ किलो किंवा ११२ पौंड भार मागच्या चाकावर पडतो. टायरमधील हवा ४० पीएसआय, म्हणजे चौरस इंचास ४० पौंड, असेल तर ढोबळमानाने २.८ चौरस इंच रबर रस्त्याला टेकते, काडेपेटीच्या तळाएवढे! आपला सारा भरवसा एवढ्याशा जागेवर असतो. हवा वाढवली की ही जागा आणखी आक्रसते. पुतण्याच्या टायरवर ४० ते ६५ असे आकडे छापलेले होते. मुलगा चाळीस किलोचा, त्याला ४० पुरेसे होते. हवा मात्र ६५ च्याही पुढे भरलेली होती. त्यातच गुळगुळीत ओल्या फरशीवर उंच गोट्यांची केवळ टोके टेकतात. त्या गोट्या मातीत रुतून पकड घेण्यासाठी असतात. डांबर वा फरशीवर त्यांचा काही उपयोग नाही. पक्क्या रस्त्यावर कमी नक्षीचा, जवळजवळ सपाट टायरच अधिक रबर टेकवतो आणि अधिक धरून राहतो. दिसायला दणकट तो सुरक्षित, हा आपला समज येथे फसवा ठरतो.

म्हणून टायर घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : माझी सायकल बहुतेक वेळ कोठे आणि कशी चालते?

घर, दुकान आणि स्टेशन एवढीच ज्यांची फेरी, कॅरिअरवर मालाचे गाठोडे, त्यांना जुन्या काळ्या सायकलीचा २८ × १-१/२ हा जाड टायर उत्तम. वेग कमी, पण भार पेलण्याची ताकद मोठी. माल लादणाऱ्यांनी मागच्या चाकात हवा कमी राहू देऊ नये.

ठाण्यात पहाटे उपवनावरून येऊरचा चढ चढणाऱ्यांची गोष्ट निराळी. रस्ता डांबरी, चढाला दम लागतो आणि उतारावर ब्रेकची कसोटी लागते. त्यांना ७०० × ३५ ते ४० या मापाचा, बारीक नक्षीचा टायर मानवतो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजच्या दिशेने लांब पल्ला गाठणाऱ्यांना २८ ते ३२ मिलिमीटरचा हलका टायर बरा. याहून अरुंद टायर आपल्याकडे जपूनच घ्यावा. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधील फट किंवा गटाराच्या जाळीची उभी खाच त्याला सहज गिळते. मलंगगडाच्या पायथ्याच्या मातीवाटांवर जाणाऱ्यांनी मात्र दोन इंची, गोट्यांचा टायर अवश्य घ्यावा. तेथे तो आपले काम चोख करतो.

दुसरी फसगत मापाच्या नावात असते. ‘छब्बीसचा टायर द्या’ म्हणून भागत नाही. २६ × १-३/८ आणि २६ × १.९५ ही दोन्ही मापे ‘छब्बीस’च म्हणवतात; परंतु पहिल्याच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर, दुसऱ्याच्या रिमचा ५५९. एकाचा टायर दुसऱ्यावर बसणे अशक्य. काळ्या सायकलीचे २८ म्हणजे ६३५, तर ७०० या मापाचे आणि ‘एकोणतीस’ म्हणवणारे, दोन्ही ६२२ चे. टायरच्या बाजूवर ३७-६२२ असे दोन आकडे कोरलेले असतात : पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. जुन्या टायरवरचा तो दुसरा आकडा कागदावर टिपून न्यावा. वाराच्या मापाची चूक आपण खपवून घेत नाही. मग येथे का घ्यावी?

पावसाळ्यासाठी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हवा छापील मर्यादेच्या आतच, पण पाच-दहा पीएसआयने कमी ठेवावी. ओल्या रबरात काच सहज शिरते, म्हणून आतून संरक्षक पट्टा असलेला टायर घ्यावा. त्याची जादा किंमत पंक्चरच्या हेलपाट्यांत वसूल होते. नवा टायर एकच घ्यायचा असेल तर तो पुढच्या चाकाला लावावा आणि तेथील टायर सुस्थितीत असल्यास मागे न्यावा. कारण मागचे चाक घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले तर माणूस पडतोच. आणि झेब्रा पट्टे, लोखंडी झाकणे, पहिल्या पावसात वर येणारे तेल यांवर कोणताही टायर भरवशाचा नाही. तेथे वेग आवरणे हाच उपाय.

हवेचा टायर प्रचारात आला, त्याच्या मुळाशीही एक पिताच आहे. आयर्लंडमधील बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून हवा भरलेली रबरी नळी चाकाला बसवली आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. मुलाला काय आवडेल यापेक्षा मुलाला काय सोसते, याचा तो विचार होता.

प्लॅस्टर निघाल्यावर बंधूंनी मुलालाच बरोबर नेले. त्याचे वजन सांगितले, त्याचा रस्ता सांगितला आणि साध्या नक्षीचे दोन टायर घेतले. ‘‘दिसायला काही खास नाहीत, पप्पा,’’ चिरंजीव कुरकुरले. आता दर रविवारी दुकान उघडण्यापूर्वी पितापुत्र मिळून हवा मोजतात. यंदाच्या पावसात तेच वळण चिरंजीवांनी रोज पार केले आणि कुरकूर पुन्हा ऐकू आली नाही.