‘मुकी’ म्हणण्यापूर्वी



गेल्या महिन्यात एका घरी मलिद्याला गेले होते. शेजारणीची 7 वर्षांची नात आईशी हातांनी भराभर बोलत होती. मी कौतुकाने म्हणाले, “मुकी आहे, पण किती हुशार!” शेजारीण हळूच म्हणाली, “अगं, ती मुकी नाही. तिला ऐकू येत नाही.” जन्मभर नर्सचं काम केलं, तरी माझी जीभ घसरली. फार वाईट वाटलं.

मूल ऐकून बोलायला शिकतं. जन्मतः ऐकू येत नसेल, तर बोलणं आपोआप येत नाही; पण घसा, जीभ, स्वरतंतू बहुधा धडधाकट असतात. म्हणून ‘मूकबधिर’ हा जुना शब्द चुकीचा ठरतो. महाराष्ट्रात आता ‘कर्णबधिर’ म्हणतात. हिब्रूतही ‘खेरेश-इलेम’ मागे पडलं. आता नुसतं ‘खेरेश’ म्हणतात, आणि कमी ऐकू येत असेल तर ‘कव्हाद श्मिया’.

मिश्नामध्ये खेरेशला वेडा आणि अजाण मूल यांच्या पंक्तीत बसवलं आहे. त्या काळी अशा माणसाला शिकवण्याची सोय नव्हती. येरुशलेमला 1932 साली कर्णबधिर मुलांची शाळा निघाली आणि इथली खुणांची भाषा तिच्याभोवती वाढली. त्या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ती बोलणारा मुका कसा?

पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसालाही आपण ‘मुका झाला’ म्हणतो आणि त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलतो. शब्द जुळत नसले, तरी पुष्कळदा त्याला बरंच समजत असतं. त्याच्याशी सावकाश, लहान वाक्यांत बोला. उत्तराला वेळ द्या.

आता आपल्याविषयी. ‘बहिरी’ म्हणतील या भीतीने आपण कान तपासून घेत नाही, आणि हळूहळू चार माणसांत बसणंच सोडतो. टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल, तर कुपात खोलीममध्ये तपासणी करून घ्या. कमी ऐकू येणाऱ्याशी समोर बसून, उजेडात, स्पष्ट बोला. ओरडल्याने शब्द उलट फाटतात.

मी त्या मुलीची माफी मागितली. तिने मला तिचं हातांनी घ्यायचं नाव शिकवलं. आता भेटली की मी तिला त्याच नावाने हाक मारते.